सव्वा मूठ गहू

दुपारी जेवल्यावर पाच-दहा मिनिटं डोळा लागला की मला हमखास गहू पडल्याचा आवाज येतो. पितळी परातीत थोडे थोडे दाणे वरून सोडावेत तसा. धड झोप नसते, धड जागही नसते. त्या मधल्या जागेत माझी माय पाय पसरून बसलेली दिसते. उजव्या पायाला मीच बांधलेली पट्टी असते. ती एकेक नाव घेते, मूठ सोडते, पुन्हा नाव घेते, मूठ सोडते. मी उंबऱ्याबाहेर. मग कुठेतरी कुकरची शिट्टी होते आणि मी उठून चहा ठेवते.

हे नुसतं स्वप्न नाही, घडलेलं आहे. नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझी खोड अशी की मी मधूनच सुरू करते आणि समोरच्याला वाटतं, बाईला झालंय तरी काय.

मी नर्स. सगळी नोकरी खानदेशात गेली. सुरुवातीची वर्षं यावलला, केळीच्या बागांमध्ये, आणि नंतर धुळ्याला. आता निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत आणि माझ्याकडे काम आहे ते म्हाताऱ्यांच्या वर्गाचं. शुगर, बीपी, सांधे, दमा असलेल्या म्हाताऱ्यांना गोळा करायचं आणि काय खावं, काय खाऊ नये, गोळी कशी घ्यावी, पायाची काळजी कशी घ्यावी ते सांगायचं. शिंदखेड्याच्या आसपासची गावं माझ्याकडे. कधी शाळेच्या रिकाम्या खोलीत, कधी मारुतीच्या पारावर, कधी नुसतंच कडुनिंबाखाली सतरंजी टाकून.

मी तोंडाची फटकळ. गोड बोलून सांगणं मला जमलेलं नाही. सुरुवातीला तर मी वर्ग म्हणजे उलटतपासणीच घ्यायची. 'गोळी घेतली का? का नाही घेतली? मरायचंय का?' म्हातारी माणसं माना डोलवायची, 'हा ताई, हा ताई' म्हणायची आणि घरी जाऊन हवं तेच करायची. पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटायचं, घडा त्यांचा पालथा आहे.

वरून आलेलं एक चित्र होतं माझ्याकडे, भिंतीवर लावायचं. त्यात एक ताट, ताटात हिरव्या फुलासारखी कसलीशी कोबी, तपकिरी पाव, चमच्यासह दह्याची वाटी, आणि बाजूला पांढऱ्या बुटांत पळणारा एक सडपातळ म्हातारा. एका गावात एक आबा ते चित्र बराच वेळ न्याहाळत बसले. मग म्हणाले, "ताई, हाऊ मानूस आजारी शे का?"

"नाही आबा, हा निरोगी आहे. असं खाल्लं की असं होतं."

"मंग याले घरमां भाकर देत नहीत का?"

सगळा पार हसला. मी चिडले, बरंच बोलले. येताना एसटीत खिडकीशी बसले, बाहेर कापसाची शेतं मागे सरकत होती, डोळे मिटत होते, आणि मला एकदम हसू आलं. खरंच की, त्या बिचाऱ्याला भाकर कोण देत होतं? पुढच्या गुरुवारी मी ते चित्र गुंडाळून कपाटावर टाकलं आणि पिशवीत भाकरी, कांद्याची पात, वाटीभर डाळ, वांग्याचं भरीत आणि मेथीची जुडी घेऊन गेले. परातीत मांडून दाखवलं. भाकरी किती, भरितात तेल किती, शेवभाजी महिन्यातून कितीदा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चांगली म्हटल्यावर तर म्हाताऱ्यांचे चेहरे असे फुलले की जणू मी त्यांच्या आईचं कौतुक केलं.

तेव्हापासून लोक माझ्याशी बोलायला लागले. आणि मी हळूहळू ऐकायला शिकले, तेही निम्मं आयुष्य उलटून गेल्यावर.

पण ऐकायचं शिकले ते परक्यांचं. घरात मी तीच होते.

माझी माय ऐंशीच्या घरातली. अमळनेरकडे तापीकाठच्या गावात एकटी राहते. चार मुलगे, त्यातले दोघे सुरतेला, एक नाशिकला, एक पुण्याला. मी एकटी मुलगी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. चुलत्यांची मुलंही अशीच विखुरलेली. दोन वर्षांपूर्वी काकू गेली, तेव्हापासून त्या घरात चूल पेटते ती फक्त मायची. तिला शुगर आहे. मलाही आहे, चार वर्षांपासून, पण ते मी तिला सांगितलं नव्हतं. वर्गात सगळ्यांना सांगते आणि आईपासून लपवते, अशी मी हुशार.

आता कानबाईचं सांगावं लागेल. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. पाटावर कलश, त्यावर नारळ, नारळाला नथ, डोळे, कुंकू, नवं लुगडं. सोमवारी सकाळी तिला नदीवर पोहोचवून येतात. तिच्या नैवेद्याला जे करतात ते रोट. घराण्यात जेवढे पुरुष, पाळण्यातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, तेवढ्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ गहू आणि डाळ मोजायची, दळायची, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या. ते अन्न फक्त घराण्यातल्यांनी खायचं. बाहेरच्याला द्यायचं नाही, गुराला घालायचं नाही, टाकायचं तर नाहीच. पौर्णिमेच्या आत संपलं पाहिजे. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीला ते चालत नाही, कारण ती दुसऱ्या घराण्याची झाली. मुठी मोजताना आणि नैवेद्याच्या वेळी तिने उंबऱ्याबाहेर बसायचं. प्रत्येक घराची रीत थोडी निराळी असते. आमच्याकडे अशी आहे.

माझ्या लहानपणी हे सगळं गोड होतं. घर भरलेलं असायचं, पंगतीवर पंगती उठायच्या, रोट दोन दिवसांत संपायचे. पुरणाच्या वाफेने घरातली हवा जड व्हायची आणि आम्ही पोरं जेवून जिथल्या तिथे लवंडायचो. झोपेत बायकांची गाणी ऐकू यायची, आणि कानबाई नथीआडून बघते आहे असं वाटायचं. ती आमच्याकडे पाहुणी येते आणि सोमवारी जाते याचं मला त्या वयातही वाईट वाटायचं.

आता हिशेब बदललाय. नावं एकतीस आणि घरात तोंड एक. रविवारी सुरतेहून एखादा भाऊ यायचा, दोन पोळ्या खायचा, देवी पोहोचवून सोमवारी निघून जायचा. मोजायच्या मात्र सगळ्यांच्या मुठी. उरलेल्या पोळ्या माय एकटी पौर्णिमेपर्यंत खायची. सकाळी दुधात कुस्करून, दुपारी आमटीत, संध्याकाळी कोरडी. आठवडाभर दुसरं काही नाही.

मागच्या श्रावणात मी त्या आठवड्यात घरी गेले होते. तिच्या उजव्या पायाच्या बोटाला जखम होती आधीपासून, लहानशी. मी यंत्रावर तिचं रक्त तपासलं तर आकडा आलाच नाही, मोजता येत नाही इतकी शुगर असली की ते यंत्र नुसती दोन अक्षरं दाखवतं. मी आरडाओरडा केला. तिने माझ्यादेखत पोळी स्वतःपुढे ओढली आणि खात राहिली. एकेक घास ढकलत होती, गिळवत नव्हता. मी समोर बसून बघत होते. मी दोन पोळ्या खाल्ल्या असत्या तर तिच्या दोन कमी झाल्या असत्या, एवढं साधं गणित, पण मला हात लावायची मुभा नव्हती. माझ्यासाठी तिने वेगळी भाकरी थापून ठेवली होती. ती मी तिच्यासमोर बसून खाल्ली.

त्या वर्षी भाद्रपदात धुळ्याला तिचं बोट काढावं लागलं. डॉक्टर भला माणूस. मला बाहेर बोलावून म्हणाला, सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगू, पुन्हा असं चिघळलं तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. मी मान डोलावली. नेमकी माझ्या वर्गातल्या म्हाताऱ्यांसारखी.

वर्षभर सांभाळलं. दर रविवारी जाऊन पट्टी बदलली. आणि या आषाढात त्याच पायाच्या टाचेला नवी भेग पडून जखम झाली. श्रावण महिन्यावर आला होता. मी म्हटलं, "माय, या वर्षी रोट नको करू. नारळ ठेव देवीपुढे, हात जोड."

ती म्हणाली, "एकतीस जनस्ना जीव शे त्यामां. मना पाय गया ते जाऊ दे."

ती हे रागाने म्हणाली नाही. बाजारातून कोथिंबीर आण म्हणावं तसं म्हणाली. मी त्या रात्री धुळ्याला परत आले आणि नवऱ्यावर उगीचच ओरडले.

त्याच आठवड्यातला वर्ग. सभामंडपात पंधरा-वीस म्हाताऱ्या होत्या. मी सणांचं सांगत होते, सणाला काय जपावं ते. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी नेहमीसारखं सांगण्याऐवजी विचारलं, "रोटाच्या आठवड्यात तुमच्यापैकी गोळी कोण कोण बंद करतं?"

एका किडकिडीत आजीने हात वर केला. मग दुसरीने. मग बऱ्याच जणींनी. मी बघतच राहिले.

"का?" मी विचारलं. ओरडले नाही. खरंच नाही.

त्या आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "ताई, परसाद खातांना गोयी कशी घेवानी? गोयी घेतली म्हनजे देवीले सांगनं, का तुना परसाद इख शे म्हनून."

इख म्हणजे विष. इतकी वर्षं मी यंत्रं घेऊन फिरले, आकडे लिहिले, 'साखर खाल्ल्याने वाढते' हे घसा कोरडा होईतो सांगितलं. माझ्या मायची शुगर नुसत्या पोळ्यांनी वाढत नव्हती. ती त्या आठवड्यात गोळ्याच घेत नव्हती, देवीचा अपमान नको म्हणून. आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ती काही लपवणारी बाई नाही.

वर्गात एक मुसलमान मावशी यायच्या, सगळे त्यांना खाला म्हणत. गाद्या-रजया भरणाऱ्या कुटुंबातल्या, त्यांनाही शुगर. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमचा रमजान येतो तर मी महिनाभर आधी डॉक्टरकडे जाते. रोजा ठेवू का, गोळी केव्हा घेऊ, सगळं विचारते. तो म्हणाला ठेव तर ठेवते, नको म्हणाला तर नाही. अल्ला काय, देवी काय, पोराबाळांच्या आईला मारायला बसलेत का? तुम्ही ती गोळीच देवीपुढे ठेवा. तिच्या नजरेखालून गेली की झाली पवित्र."

किडकिडीत आजी विचारात पडल्या. "नैवेद्याना ताटमां?"

"ताटातच."

बायकांत कुजबूज झाली. एकीने मान हलवली, दुसरी 'चाली' म्हणाली, चालेल. मी फक्त शेवटी सांगितलं की गोळी दुप्पट घ्यायची नाही, चुकली म्हणून जोडीने घ्यायची नाही, आणि सणाआधी डॉक्टरला विचारायचं, खालांसारखं. त्या दिवशी एसटीत मला झोप आली नाही. नदीचं कोरडं पात्र, पुलाचे कठडे, बाभळी, सगळं मी डोळे उघडे ठेवून पाहत गेले.

डॉक्टरला मी विचारून घेतलं. दोन पोळ्या, गोळी वेळेवर, जखमेची पट्टी रोज, एक दिवस. आठवडा नाही. एक दिवस सांभाळता येईल, म्हणाला.

रविवारी मी मायकडे गेले. तिचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली आणि गोळीचं सांगितलं, खाला म्हणाल्या तसं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कोनी सांगं?" मी सांगितलं, एका मुसलमान बाईने. ती म्हणाली, "शहानी शे." एवढंच. मला वाटलं, जिंकलं. आणि जिंकल्यासारखं वाटलं की मी माती खाते, हे ठरलेलं.

मी म्हणाले, "आता फक्त मुठी कमी कर. जे येत नाहीत, वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाहीत, त्यांच्या कशाला मोजतेस? नाशिकवाल्यांची नावं वगळ, पुण्याचं वगळ. जे येतील त्यांच्याच घाल."

तिने पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला. अर्धी पट्टी लोंबत होती.

"कोनं नाव काढू?" ती म्हणाली. "तू सांग. तुना कोनता भाऊ काढू?"

रोटातून नाव काढतात ते माणूस गेल्यावर. हे मला माहीत होतं. मी त्याच घरात वाढलेली. तरी तोंडातून निघून गेलं. माय त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मी पट्टी पुरी बांधली तेव्हा तिने पाय दिला, पण भिंतीकडे तोंड करून.

पुढचे दिवस मी झोपेत चालल्यासारखी वावरले. ड्युटी केली, स्वयंपाक केला. शेवटी सुट्टी टाकली आणि कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गावी पोहोचले. म्हटलं, काही करता येत नसेल तर निदान पट्टी तरी बदलू.

घरात बाळ रडत होतं. सुरतेहून थोरल्या भावाचा मुलगा आणि सून आले होते, सात महिन्यांचं पोर घेऊन. मायचा पणतू. कोणी बोलावलं म्हणून विचारलं तर भाचा म्हणाला, आजीने फोन केला होता, बाळाला आणच म्हणाली.

ऊन उतरलं होतं. मागच्या दारातून पिवळा उजेड ओट्यावर आला होता. माय परात, सूप आणि गव्हाचा डबा घेऊन बसली होती, पाय पसरून. मी उंबऱ्याबाहेर बसले, नेहमीच्या जागी. तिने नातसुनेला हाक मारली आणि बाळ मांडीवर घेतलं. पोर गप्प झालं, डब्याकडे बघू लागलं. मायने त्याचा हात धरून गव्हात घातला. लहान मुलांच्या हाताला काही लागलं की ती मूठ मिटतातच. याने मिटली. तिने तो हात परातीवर आणला आणि हळूच बोटं उघडली.

पंचवीस-तीस दाणे पडले. तिने वर सात-आठ दाणे आपल्या हाताने टाकले, सव्वाचे.

"पहिला," ती म्हणाली आणि माझ्या गेलेल्या आजोबांच्या थोरल्या नातवाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं नाव घेतलं.

मला कळायला वेळ लागला. मग लक्षात आलं. रीत म्हणते सव्वा मूठ. मूठ कोणाची, ते कोणी कधी सांगितलेलं नाही. घराण्यातल्या कोणाचीही. आणि हे पोर घराण्यातलंच. कोणाचं नाव वगळलं नाही, कोणाची मूठ चुकवली नाही. वर्गावर वर्ग घेणारी मी, आणि ही सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई. मी हात जोडले, देवीला की हिला ते मला सांगता येणार नाही.

बाळाला तो खेळ आवडला. ते हात घालायचं, मिटायचं, माय उघडायची, नाव घ्यायची. सुरतेचे, नाशिकचा, पुण्याचा, चुलत्यांचे. दाणे परातीत पडत होते, ऊन सरकत होतं. मी सवयीने मनात मोजत होते. एकतीसला ती थांबेल असं वाटलं, पण तिने बाळाचा हात आणखी एकदा गव्हात घातला. त्या वेळी नाव घेतलं नाही. बत्तीस झाल्या. मला वाटलं, वय झालं, चुकली मोजायला. आधीच एकदा तोंड पोळलं होतं, म्हणून मी बोलले नाही.

डाळ तशीच मोजली. दळण एवढंसं झालं की गिरणीत घालायची सोय नव्हती, तिथल्या दगडांतच अडकून राहिलं असतं. भाच्याने माळ्यावरून जातं काढलं, धुऊन पुसून मांडलं. माय आणि नातसून दळायला बसल्या. मी बाहेर बसून ऐकत होते. जात्याच्या घरघरीत माझा डोळा लागला, भर संध्याकाळी, उंबऱ्याला डोकं टेकून.

पायाचं आताच सांगून टाकते. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायला मला आवडत नाही. जखम दसऱ्यापर्यंत भरली. पाय शाबूत आहे. काठी घेऊन ती मंदिरापर्यंत जाते, आणि वहाण घालून जा म्हटलं तर अजूनही माझ्यावर डोळे वटारते.

पण मला सांगायचंय ते रविवारचं.

दिवेलागणीला कानबाई बसली होती. नथ, हिरवं लुगडं, फुलांची माळ, समोर समया. पोळ्या अवघ्या पाच झाल्या होत्या, तळहाताएवढ्या. नैवेद्याच्या ताटात पोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आणि भाजीशेजारी मायच्या गोळ्यांची चकचकीत पट्टी. तिने ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मी उंबऱ्याबाहेर माझी भाकरी घेऊन बसले होते. भाच्याने दोन पोळ्या खाल्ल्या, नातसुनेने एक. एवढंसं पुरण बाळाच्याही जिभेला लावलं. एक पोळी मायची. एक ताटात उरली.

मायने दुसरं ताट वाढलं. "आठे ये," ती म्हणाली.

मला वाटलं, उठायला हात हवा असेल. मी आत गेले. ती म्हणाली, "बस."

"माय, हे रोट आहेत."

"माले दखास." दिसतंय मला, अशा सुरात.

"आंडेरला चालत नाही ना?" मी विचारलं. आंडेर म्हणजे मुलगी, तिच्या बोलीत.

ती कानबाईकडे बघत होती. "ती बी कोनी आंडेरच शे. दरसाल ईसन बसस, मी तिले बाहेर बसाडस का?" मग माझ्याकडे वळली. "काल बत्तीस मुठी मोज्यात मी. तू मोजी राहिनी व्हती ना? मंग बोलनी का नही?"

साठीला आलेली बाई मी, आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेलं, आणि त्या पाटावर मला हुंदका आवरेना. सगळ्या श्रावणांत मी बाहेर बसले होते आणि मला वाटत होतं, मला त्याचं काही नाही.

तिने पट्टीतून एक गोळी काढून आपल्या तळहातावर ठेवली. मग दुसरी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तुनी बी शे ना शुगर," ती म्हणाली. "चार साल व्हयनात तुना चेहरा उतरेल. माले काय आंधयी समजनी का?"

माझी गोळी वेगळी होती, पिशवीत. मी तिची तिला परत दिली आणि माझी आणून देवीपुढे ठेवली. माय थांबली. मी उचलली, मग आम्ही दोघी एकदमच पाणी प्यायलो. पोळी कोमट होती, पुरण जरा कमी गोड. मी ती सगळी खाल्ली आणि ताट बोटाने पुसून घेतलं, कारण रोटाचं काही टाकायचं नसतं.